मॅम पेताचा मासा

मॅम पेता एका जागी स्वस्थ बसलीय असं दृश्य आमच्या गावात कोणी पाहिलेलं नाही. शिकवताना ती बाकांमधून येरझाऱ्या घालायची, जेवायची ती उभ्याने, आणि चर्चमध्ये प्रवचन लांबलं की बाकाच्या टोकाला बसून पायातली चप्पल हलवत राहायची. एकदा तर पाद्रीबाबांनी मधेच थांबून विचारलं होतं, "पेता, तुला कुठे जायचंय का?" सगळं चर्च खो खो हसलं. ही म्हणाली, "तुम्ही आमेनपर्यंत पोहोचलात की जाते, फादर."

पूर्ण नाव पर्पेतुआ तोलेदानो, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. कातांदुआनेस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या हायस्कुलात ती भाषा शिकवायची आणि शाळेचं वर्तमानपत्र काढायची. वर्तमानपत्र म्हणजे काय, वर्षाला दोन अंक, तेही वादळाने छत उडवलं नाही तर. पण त्या दोन अंकांपायी बाईने सगळं आयुष्य वेचलं. लग्नाचं कोणी काढलं की म्हणायची, "हा अंक छपाईला जाऊ दे, मग बघू." अंक जात राहिले, केस पिकले आणि विचारणारेही थकले.

शाळकरी पोरांच्या पत्रकारितेच्या स्पर्धा म्हणजे आमच्याकडे जत्रेपेक्षा मोठी गोष्ट. आधी बेटाची फेरी, मग सगळ्या बिकोल प्रांताची, मग देशाची. कोणी बातमी लिहितं, कोणी अग्रलेख, कोणी फीचर. शनिवार-रविवार पोरं शाळेत येऊन लिहितात आणि शिक्षक लाल पेन घेऊन त्यांचा जीव खातात. पेताची पोरं बेटावर जिंकायची, खाडी ओलांडून गेली की मात्र हात हलवत परत यायची. या गोष्टीचा तिला इतका राग होता की बोटीतून परत येताना ती कोणाशी बोलायचीच नाही.

आता त्या माशाबद्दल सांगायला हवं. लेख संपला की खाली एक खूण करायची हा वर्तमानपत्रवाल्यांचा जुना रिवाज. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या रेघा, झालं. तरुणपणी पेताने ती खूण पाहिली आणि म्हणाली, हे तर जाळं दिसतंय! आम्ही कोळ्यांच्या गावातले, आमच्या पोरांनी जाळं काढून काय मिरवायचं? तिने जाळ्याच्या जागी मासा आणला. हात न उचलता एका रेघेत निघणारा मासा, डोळ्याच्या जागी एक टिंब. पोरांना सांगायची, "तुमचा लेख सुटला पाहिजे रे, अडकला नाही पाहिजे." पोरांना हे भारी आवडायचं. तिची जुनी मुलं, कोणी दुबईत, कोणी जहाजावर, नाताळच्या शुभेच्छा पाठवतात तेव्हाही खाली मासा असतो. बेटावरच्या फेरीत त्या माशाला कोणी कधी हरकत घेतली नाही. तिथे सगळ्यांना सगळ्यांचं अक्षरसुद्धा ओळखता येतं, मग माशाचं काय एवढं!

आणि मग जेसिबेल आली. दहावीतली, काडीसारखी पोरगी. बाप डोंगरात केळीसारख्या अबाकाचे सोट तोडून त्यातून दोरखंडाचे तंतू काढायचा, आई ते तंतू रस्त्याच्या कडेला वाळत घालायची. बोलायला लावलं तर तीन शब्दांवर गाडी जायची नाही, लिहायला बसली तर कागद पुरायचा नाही. तिचा पहिला लेख वाचून पेता शिक्षकांच्या खोलीत इतकी फिरली की मुख्याध्यापकांनी पंखा बंद करून विचारलं, "कोणी मेलं का?"

"मेलं नाही सर, जन्मलंय!" पेता म्हणाली.

पण जेसिबेलच्या आईचं ठरलं होतं. मनिलाला मावशी होती, तिने एका घरी धुण्याभांड्याचं, पोरं सांभाळायचं काम बघून ठेवलं होतं. दहावी झाली की जूनमध्ये पोरीला पाठवायचं. पेता त्यांच्या घरी चिखल तुडवत गेली. खाडीपलीकडच्या लेगास्पी शहरातल्या नन्सच्या कॉलेजने त्या वर्षी जाहीर केलं होतं की बिकोलच्या फेरीत फीचरमध्ये जो पहिला येईल त्याची अकरावी-बारावी फुकट, राहण्या-खाण्यासकट. फक्त पहिल्याची. दुसऱ्याला पदक.

आई तंतूंचा झुबका झटकत म्हणाली, "मॅम, पहिली आली तर पोरगी तुमची. नाही आली तर मनिला. मी बहिणीला शब्द दिलाय, परत परत नका येऊ."

"येणार ती पहिली," पेता म्हणाली. बोलून गेली खरी, आणि तसाच चिखल तुडवत परत निघाली.

बिकोलच्या फेरीच्या आदल्या दिवशीच दोघी बोटीने पलीकडे उतरल्या, लेगास्पीतल्या एका शाळेच्या वर्गात जमिनीवर झोपल्या आणि पहाटे तयार झाल्या. जेसिबेलच्या अंगात कोरा पांढरा टी-शर्ट. शाळेचं नाव नको, गावाचं नाव नको, छातीवर फक्त एक आकडा, म्हणजे कोण कुठलं ते परीक्षकांना कळू नये. फाटकाशी पेताने तिचे केस तिसऱ्यांदा सारखे केले.

"दोन पेनं आहेत ना? पाणी? घाई करू नकोस. पहिलं वाक्य तीनदा वाच. आणि शेवटी मासा विसरू नकोस."

"मॅम, मी कधी विसरलेय का?" जेसिबेल म्हणाली आणि आत गेली. फाटक लागलं.

शिक्षकांना आत मज्जाव. ते सगळे अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली. कोणी पानसितच्या शेवया खातंय, कोणी वारा घेतंय. पेता एका बाईकडून पिलीच्या बिया घेत होती, तेवढ्यात कर्ण्यातून नियम वाचायला सुरुवात झाली. हे नियम दरवर्षी वाचतात आणि दरवर्षी कोणी ऐकत नाही. पेताही ऐकत नव्हती. तिचा कान उभा राहिला तो एका शब्दावर.

"...स्पर्धकाची किंवा शाळेची ओळख पटेल अशी कुठलीही सही, खूण अथवा चित्र कागदावर आढळल्यास लेख बाद करण्यात येईल."

चित्र!

पेताच्या हातातल्या बिया सांडल्या. अगं बाई गं, मासा! इतकी वर्षं पोरांना नियम शिकवले, स्वल्पविराम शिकवले, मथळे शिकवले, आणि हे साधं डोक्यात आलं नाही. म्हणजे इतकी वर्षं पोरं इथून हात हलवत परत गेली ती या माशापायीच की काय? बरं, पोरगी विसरली असती तर तेही चाललं असतं. पण फाटकावर, आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, हिनेच आठवण करून दिली होती!

ती तडक पहारेकऱ्याकडे गेली. "मानोय," ती त्याला दादा म्हणून आर्जव करू लागली, "माझी मुलगी आत आहे. तिला गोळी द्यायची राहिली."

"कसली गोळी?"

"पोटाची. फार दुखतं तिचं."

पहारेकऱ्याने तिला खालीवर पाहिलं. "मॅम, आज सकाळपासून सगळ्या शिक्षकांच्या मुलींची पोटं दुखतायत. आत नर्स आहे."

"अरे, एक शब्द सांगायचाय फक्त!"

"तोच तर सांगू द्यायचा नाही, असं सांगितलंय मला."

ती कुंपणाच्या कडेने फिरली. मागच्या बाजूच्या खिडक्या उंच होत्या. एका खिडकीतून पोरांची वाकलेली डोकी दिसली, सगळी सारखीच काळी, सगळ्यांचे शर्ट सारखेच पांढरे. हाक मारावी तर पोरगी तिथेच बाद. न मारावी तर... ती परत फिरली. झाडाखाली आली, पुन्हा कुंपणाशी गेली, पुन्हा झाडाखाली आली.

"पेता, बस की गं," सर वेनान्सियो म्हणाले. शहरातल्या मोठ्या शाळेचे शिक्षक, घडीची खुर्ची घरून घेऊन येणारे. पोटावर डबा ठेवून निवांत जेवत होते. "तुझ्या चालण्याने लेगास्पीतल्या जमिनीला खड्डा पडायचा."

"सर, हे चित्र-चित्र म्हणतात, म्हणजे काय धरतात हो?"

"काहीही धरतात. मागे एका मुलाने शेवटी छोटा क्रूस काढला होता, भक्तिभावाने. गेला." त्यांनी घास थांबवला. "का गं? तुझ्या पोरीने काय काढलंय?"

"ती काय काढणार! गरीब पोरगी आहे."

"गरिबांना चित्रं काढता येत नाहीत होय?" म्हणून ते हसले. पेताच्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात परीक्षकांची गाडी आली. तिघं उतरले. त्यातला उंच, खांदे पाडून चालणारा माणूस पाहून पेताचे पाय जागीच थबकले. रॉमेल! तिचाच विद्यार्थी, आता नागा शहरातल्या वर्तमानपत्रात मोठा पत्रकार. या पोराला तिने एकदा अंकातून काढून टाकलं होतं, कारण लेखात दोन ओळी दुसऱ्याच्या निघाल्या. वर्गाच्या दाराशी उभा राहून तो रडला होता, "मॅम, दोनच तर ओळी आहेत." तिने तोंडावर दार लावलं होतं. पुढच्या वर्षी परत घेतलं आणि मग वर्षभर त्याने तिच्यासाठी लिहिलं. वर्षभर मासे काढले.

पहिल्यांदा तिला हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आपला मुलगा आहे, बघेल सांभाळून. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची अशी लाज वाटली की तिने झाडाकडे तोंड फिरवलं. त्या माशाचा अर्थ कळणारा जगात एकच परीक्षक होता, आणि तो नेमका आत चालला होता.

फाटक उघडलं. पोरं बाहेर पडली. जेसिबेल धावतच आली.

"मॅम, विषय काय होता माहितीये? घरातला आवाज! मी बाबांच्या सुरीचा लिहिला, अबाका ओढताना येतो ना तो, करकर करकर, आणि तो थांबला की आई कशी दचकून बघते, हात तर कापला नाही ना म्हणून..."

तीन शब्दांवर न जाणारी पोरगी धबधब्यासारखी बोलत होती. पेताने तिचे खांदे धरले.

"काढलास?"

"काय?"

"मासा गं, मासा!"

"काढला की! शेवटी भरपूर जागा होती, म्हणून चांगला मोठा काढला." जेसिबेल हसली. "मॅम, असं म्हणू नये ना, पण आज मला वाटतंय मी पहिली येणार."

"काही खाल्लंस का?" पेता म्हणाली.

दुपारनंतर बक्षीस समारंभाला सगळे छपराखालच्या मैदानात जमले. जेसिबेल पुढच्या रांगेत पाय हलवत बसली. पेताला बसवेना. पाण्याच्या नळापाशी जायची, तोंड धुवायची, परत यायची. पोरीला आत्ताच सांगावं का? पण काय सांगायचं? कदाचित कोणी लक्षच दिलं नसेल. कदाचित रॉमेलच्या हाती तो गठ्ठा आलाच नसेल. असल्या कदाचितांवर ती तिसऱ्यांदा नळापाशी गेली, तर मागून आवाज आला.

"मॅम."

"तू माझ्याशी बोलू नकोस," ती न वळताच म्हणाली. "परीक्षकाने शिक्षकांशी बोलायचं नसतं. एवढीही अक्कल आली नाही अजून?"

"माहितीये, मॅम." तो गेला नाही. "एक लेख आहे. सुरीच्या आवाजाचा. आम्ही तिघांनीही तोच पहिला धरलाय. मी वाचताना रडलो, मॅम, खरं सांगतो. आणि पान उलटलं तर खाली मासा."

पेताने नळ बंद केला. पुन्हा चालू केला.

"बाकीचे दोघं म्हणतात, असेल पोरीने सहज काढलेलं, यावरून कोणाची ओळख पटते? त्यांना ती ओळख पटत नाही. मी अजून काही बोललो नाही." रॉमेलने आवाज खाली आणला. "बरीच वर्षं झाली. तुम्ही सोडूनही दिलं असेल ते. कोणा पोरीने कुठे तरी बघून काढला असेल. तुम्ही आता पोरांना मासा काढायला लावत नाही, असं तुम्ही म्हणालात, तर मी वर जाऊन गप्प बसतो."

एक शब्द हवा होता. नाही. एवढाच. आणि तो शब्द पेताच्या ओठांपर्यंत आला होता. समोर पहिल्या रांगेत जेसिबेलची पाठ दिसत होती. मनिलाचं घर, मोरीतली भांडी, दुसऱ्याची पोरं कडेवर, हे सगळं तिला दिसत होतं. जन्मभर जी बाई कधी स्थिर उभी राहिली नाही, ती त्या नळापाशी खांबासारखी उभी राहिली. आणि रॉमेलचा चेहरा अगदी तसाच होता, वर्गाच्या दाराशी उभा होता तसा.

"लावते," ती म्हणाली. "लावते म्हणजे काय! माझाच आहे तो मासा. दुसऱ्या कोणाचा असणार?"

रॉमेलने मान खाली घातली आणि तो गेला.

हा खरेपणा होता की माज होता, ते तिचं तिलाही आजवर ठरवता आलेलं नाही. कोणीतरी तिच्या माशाला कुठला तरी मासा म्हणालं आणि ते तिला सहन झालं नाही, असंही असेल. एवढं खरं की शब्द तोंडातून सुटला तेव्हा तिला तो परत गिळावासा वाटला होता.

फीचरचा निकाल लागला. तिसरा, दुसरा, पहिला. पहिला वेनान्सियो सरांचा विद्यार्थी. जेसिबेलने टाळ्या वाजवल्या. वाजवून झाल्यावरही ती मंचाकडेच बघत राहिली, अजून एखादं नाव उरलं असेल म्हणून. मग बाकीच्या निकालांचे गठ्ठे निघाले आणि तिचे पाय हलायचे थांबले.

पेताने तिला बदामाच्या झाडाखाली नेलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हणजे मी पहिली होते?"

"होतीस."

"आणि तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"हो."

"मासा तुम्हीच काढायला लावलात. आज सकाळीसुद्धा. फाटकावर."

"हो गं पोरी."

"मग चूक तुमची आणि बाद मी?" जेसिबेलचा आवाज चिरकला. "मला कशाला केलं बाद? तुम्हाला करायचं ना!"

सर वेनान्सियो खुर्ची काखेत मारून तिथून चालले होते. ते थांबले, दोघींकडे पाहिलं, आणि कधी नव्हे ते एक अक्षर न बोलता डब्यातला उरलेला पुतो, तांदळाचा वाफवलेला गोड केक, जेसिबेलच्या हातात ठेवून निघून गेले. पोरीने तो खाल्ला नाही, टाकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी नन्सच्या कॉलेजचं दार उघडायच्या आधीच पेता तिथे उभी होती. तिने मोठ्या सिस्टरला सगळी कथा सांगितली, स्वतःला शिव्या देत सांगितली. सिस्टर म्हणाल्या, बक्षीस ते बक्षीस, त्यात बदल नाही. पण कॉलेजची स्वतःची एक साधी शिष्यवृत्ती आहे, फी माफ, राहण्याचं मात्र तुमचं तुम्ही बघायचं. त्यासाठी मुलीने स्वतः एक लेख पाठवायचा. पेताची चुलत बहीण लेगास्पीतच राहायची. पेताने तिच्याकडे जाऊन दार वाजवलं, आत एक खाट टाकायची जागा पाहून घेतली, आणि बहिणीने हो म्हणायच्या आत आभारही मानले.

बोटीवर जेसिबेल पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. पेता तिच्याशेजारी गेली, सिस्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. "मिळेलच असं नाही," म्हणाली, "आणि तू माझ्यावर रागव, मी काही म्हणणार नाही. रागवायलाच हवं." मग ती तिथेच बसली. उठली नाही, फिरली नाही. लाटांनी बोट वरखाली होत होती तरी बसून राहिली. ज्यांनी पाहिलं ते आजही सांगतात.

बऱ्याच वेळाने जेसिबेलने पिशवीतून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला लागली. वाऱ्याने कागद उडायचा, ती कोपराने दाबायची. बेटावरच्या विराक बंदराचा किनारा दिसायला लागला तेव्हा तिने कागद पेतापुढे धरला.

पेताने सवयीने लाल पेन काढलं आणि वाचायला लागली. फाटकाबाहेर कोण उभं असतं, त्याबद्दल होतं. पेन तिने परत पिशवीत टाकलं. शेवटपर्यंत आली, आणि डोळे खाली गेले. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. तिने कागद उलटूनही पाहिला.

"मासा?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"तो तुमचा होता, मॅम," जेसिबेल म्हणाली. "लेख माझा आहे."

पेताच्या डोळ्यांना धार लागली. तिने कागद नीट घडी करून पोरीच्या हातात दिला. "बरोबर आहे," म्हणाली. "अगदी बरोबर आहे."

धक्क्यावर जेसिबेलची आई उभी होती, हाताची घडी घालून. बोट लागायच्या आतच तिने ओरडून विचारलं, "काय झालं? आली का पहिली?"

पेता उठली. काय बोलायचं ते तिने रात्रभर जुळवून ठेवलं होतं. पण तिने तोंड उघडायच्या आधीच जेसिबेल फळीवरून खाली उतरली होती.

"आले होते, आई," ती म्हणाली. "बाकीचं घरी सांगते. पण मनिलाला मी जाणार नाही."